छत्रीवरच्या गोधड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चौथी शिकले, म्हणून लिहिता येतं — तोंडातून निघत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता, त्या वर्षांतली गोष्ट. परभणीत एका सरकारी ऑफिसात मी झाडलोट करायची. तिथं कॉम्प्युटर आला आणि गच्चीवर मोठी लोखंडी छत्री बसली, डिश म्हणायचे तिला. तालुक्यांचे पेरणीचे आकडे त्या छत्रीतून आभाळात जायचे आणि मुंबईला उतरायचे. ते पाठवायला वैशाली होती, जिंतूरची, तात्पुरती लागलेली. मला मावशी म्हणायची. डब्यातली चटणी माझ्या हातावर ठेवल्याशिवाय जेवायची नाही.

नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवाव्या लागतात. आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. ऑफिसच्या गच्चीवरची टाकी भरलेली असायची, पण तिला हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलेलं. मी लवकर येऊन रोज दोन गोधड्या तिथं धुवायची आणि छत्रीवर पसरायची. लोखंड तापायचं, दुपारपर्यंत वाळायच्या. चोरीच होती ती — दुसरं काय म्हणायचं?

त्याच दिवसांत सकाळी पाठवायच्या आकड्यांच्या फाइली कॉम्प्युटरवर रखडायला लागल्या. वैशाली वायरी काढून परत लावायची, धूळ पुसायची.

"मावशी, अर्ध्यात तुटायलंय बगा. परत पयल्यापासून पाठवायलेय."

साहेब म्हणायचे, "दुपारी जातंय, मग सकाळीच का जात नाही? सकाळी झोपा काढता का?"

मला काही कळत नव्हतं. खरंच नव्हतं — तोवर.

मग एक दिवस न कळवता औरंगाबादहून इंजिनिअर आला. जिन्यात पावलं वाजली तशी मी गोधड्या ओढल्या, टाकीमागं कोंबल्या. पाणी माझ्या पायांवर गळत होतं. त्यानं छत्रीवरून हात फिरवला.

"बाई, हिच्यावर काही टाकता का? ओलं कापड पडलं तरी फाइल रखडते."

वैशाली त्याच्या मागं उभी होती. माझ्याकडंच बघत होती. तेव्हा मला कळलं. तिची नोकरी माझ्या एका शब्दावर होती आणि माझीही.

"न्हाई, साहेब," मी म्हणाले.

त्या दिवशी फाइल सरळ गेली. यंत्रात दोष नाही, असं तो लिहून गेला. म्हणजे दोष कुणात उरला? दोन दिवसांनी महिना संपला, वैशालीला पुढची ऑर्डर मिळाली नाही. जाताना चटणीचा डबा मला देऊन गेली. म्हणाली, "माज्या हातालाच यश न्हाई, मावशी."

मी डबा घेतला.

उरलेल्या गोधड्या मी घरीच धुतल्या. ऑफिसात नवीन माणूस आला. रोज सकाळी त्याच्या फाइली झरझर जायच्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, याचा हात चांगला आहे. मी तिथंच होते, चहाचे कप उचलत.