निळा ठिपका

गोरखभाऊंच्या दुकानाला पाटी नाही. कामशेतला जुन्या महामार्गाच्या कडेला एक पत्र्याची शेड, आत लांब लाकडी बाक, त्यावर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि अॅसिडने भोकं पडलेली भाऊंची पँट, एवढाच पसारा. पाटीची गरजच कधी पडली नाही. नाणे मावळापासून पवनेच्या काठापर्यंत जुनी बॅटरी घेणारा माणूस एकच विचारायचा, "निळा ठिपका हाय का?"

तपासून पास केलेल्या बॅटरीच्या कडेला भाऊ निळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. सकाळी घरी बुद्धवंदना म्हणताना 'मुसावादा वेरमणी' आलं की, म्हणजे खोटं बोलणार नाही हे शील आलं की, त्यांचा आवाज जरा चढायचा. बायको यशोधरा हसायची. "तुमी बॅटऱ्यांना ऐकवताय का बुद्धाला?"

"दोघान्ला," भाऊ म्हणायचे.

त्यांचं तपासणं बघण्यासारखं असे. आधी नुसती नजर. टर्मिनलवर पांढरी बुरशी आलीय का, पोट फुगलंय का, कुजक्या अंड्यांचा वास येतोय का. मग गिऱ्हाइकाला प्रश्न, सेल्फ मारताना दिवा मिणमिणतो का? मग सहाही सेलची बुचं काढून काचेच्या नळीने अॅसिड ओढायचं आणि नळीतल्या तरंगकाट्यावर त्याची ताकद बघायची. आणि शेवटी लोड टेस्टर. त्याचे चिमटे लावून बटण दाबायचं, मनात दहा अंक मोजायचे आणि काट्याकडे बघत राहायचं. काटा दहा व्होल्टच्या वर टिकला तर पास, खाली गडगडला तर भंगारात. "बॅटरी येकायेकी मरत न्हाई," ते म्हणत. "आदी सांगती. आपल्यालाच ऐकू येत न्हाई."

हे असं बोलणाऱ्या माणसाला कान असूनही बहिरेपण यावं, याला काय म्हणावं!

प्रदीप त्यांचा बावीस वर्षांचा दोस्त. नवलाख उंबऱ्याजवळ त्याची शेड. कारखान्यांच्या गाड्यांतून निघालेल्या बॅटऱ्या तो उचलायचा, दुरुस्त करायचा आणि विकायला भाऊंकडे टाकायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने पहिला माल आणला तेव्हा भाऊंनी सवयीने लोड टेस्टर उचलला. प्रदीप हसला, "माझी पण परीक्षा घेतोस व्हय रं?" भाऊ शरमले. भाऊंच्या मुलीच्या लग्नात याच माणसाने तीन दिवस भांडी वाहिली होती. त्यांनी टेस्टर खाली ठेवला आणि ब्रश उचलला. त्या दिवसापासून प्रदीपच्या बॅटरीला तपासणी नाही. थेट ठिपका.

मार्चमध्ये एका सकाळी शिदूआबा आले. वडिवळ्याच्या वरच्या वाडीतले, जुन्या जीपमधून सवाऱ्या वाहणारे. खांद्यावरच्या पोत्यातून त्यांनी बॅटरी काढली आणि बाकावर ठेवली. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल आरतीचा धाव्वीचा पयला पेपर व्हता," आबा म्हणाले. आरती त्यांची नात, वाडीतून दहावीला बसलेली पहिली पोरगी. "सेल्फ मारला, तर नुसतं टक टक. आमी चौघांनी ढकलली, चढावर कुटं चालू व्हती ती? पोरगी चालत निघाली. कामशेतात पोचली तवर फाटक लावलं व्हतं."

भाऊंनी बॅटरी आपल्याकडे वळवली.

"ठिपका तुमचाच हाय न्हवं, भाऊ?"

तो त्यांचाच होता. पुसटही झाला नव्हता.

भाऊंनी चिमटे लावले तेव्हा, बटण दाबण्याआधी, काटा साडेबारा दाखवत होता. नळीत ओढलेलं अॅसिडही तरंगकाट्यावर सहाही सेलमध्ये चांगलं भरत होतं, पण रंगाने काळं, आत प्लेटांचा चुरा. मग बटण दाबलं. दहा मोजायची वेळच आली नाही. तीनलाच काटा सातवर कोसळला आणि एका सेलमधून बुडबुडे उसळले.

बॅटरी प्रदीपच्याच मालातली होती. बघता बघता सगळं उलगडलं. मेलेल्या बॅटरीतलं जुनं पाणी ओतून ताजं जहाल अॅसिड भरलं होतं. वरून बघणाऱ्याला जिवंत, आतून प्लेटा खाऊन टाकणारं. अशी बॅटरी दोन-अडीच महिने ओढते, मग राम म्हणते. असलं काम चुकून होत नाही, समजून-उमजून करावं लागतं. भाऊंनी शेडमधल्या प्रदीपच्या उरलेल्या नऊ बॅटऱ्या तपासल्या. सात गडगडल्या. सातही बॅटऱ्यांवर निळा ठिपका.

दुपारी ते नवलाख उंबऱ्याला गेले. प्रदीप जेवत होता.

"ताजं अॅसिड भरलंस," भाऊ म्हणाले.

प्रदीपने ताटातली नजर वर केली नाही. "समदेच भरतात."

"माझ्या ठिपक्याखाली?"

"मग तू तपासायचीस ना," प्रदीप म्हणाला. "मी कुटं तुझा हात धरला व्हता?"

दगा बसला होता तो बसलाच होता, पण त्या वाक्यात खोट काढायला जागा नव्हती, हे जास्त झोंबलं. बावीस वर्षांत या माणसाशी ते जे बोलले ते सगळं परत घ्यावंसं वाटलं. अलीकडे प्रदीप माल उतरवून चहालाही थांबत नव्हता, गाडीचं इंजिन चालूच ठेवायचा. तेव्हाच कळायला हवं होतं. ते परत आले. अनोळखी गिऱ्हाइकाच्या बॅटरीचंही जे लक्षण त्यांनी चुकू दिलं नसतं, ते दोस्ताचं सोडलं होतं.

पुढच्या पेपरच्या सकाळी भाऊ मोटारसायकलला कोरी करकरीत बॅटरी बांधून आबांच्या वाडीत गेले. पोरगी दप्तर घेऊन ओट्यावर उभी होती. त्यांनी बॅटरी बसवली, टर्मिनल आवळले, आणि हात सवयीने खिशातल्या रंगाच्या डबीकडे गेला.

आबांनी त्यांचं मनगट धरलं.

"ठिपका ऱ्हाऊ द्या, भाऊ. सेल्फ मारून दावा."

भाऊ जीपमध्ये बसले. किल्ली फिरवली. एका झटक्यात इंजिन धडधडलं.

"बंद करा," आबा म्हणाले. "परत मारा."

भाऊंनी परत मारला. आबांनी तिसऱ्यांदाही मारायला लावला. मगच त्यांनी नातीला हाक मारली.