सहाव्या चौकोनातला हिरवा

माझ्या भाच्याचा दिवस पहाटे सव्वापाचला सुरू व्हायचा. त्याचं ऑफिस साडेनऊला उघडायचं, पण सात वाजता तो तिथे हजर असायचा. का, ते आम्हा चौघांनाच माहीत होतं: तो, त्याची आई, माझी बायको आणि मी.

तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. काम काय, तर कंपन्यांसाठी प्रेझेंटेशनच्या स्लाइड बनवायच्या. त्यातही त्याच्या वाट्याला आयकॉन, म्हणजे स्लाइडवरची छोटी चित्रं. हेल्मेट, ट्रक, घड्याळ, हाताचा पंजा. ती शोधायची, जागेवर बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या रंगात रंगवायची.

मी चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, "चित्रं रंगवतोस? मग पगारासोबत खाऊपण देतात का?"

"देतात ना मामा. चारला बिस्किटं असतात."

एका रविवारी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून काम करून दाखवलं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलो. साध्या आयकॉनला चाळीस सेकंद. ट्रक असला की चाकं, काच, टप सगळं सुटं करायचं, एकेक तुकडा धरून रंग भरायचा, परत बांधायचं. शेजारच्या चित्राएवढीच उंची हवी, रेघेची जाडीही तेवढीच. तीन मिनिटं गेली. एका प्रेझेंटेशनमध्ये असे दोनशे-अडीचशे. खुर्चीवरचं काम असलं तरी मान आणि बोटं झिजतातच. त्यानंतर मी खाऊचं नाव काढलं नाही.

आता सात वाजताचं कारण. भाच्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. दोन्ही मातकट दिसतात. माझ्या वडिलांचंही तसंच होतं, ते टोमॅटो दाबून घ्यायचे. हे बापाकडून आपल्यामार्फत पोराकडे गेलं, असं डॉक्टरांकडून कळल्यापासून माझी बहीण उगाचच गुन्हा केल्यासारखं तोंड करते.

शिक्षण संपल्यावर मी त्याला माझ्याच कारखान्यात चिकटवायला बघितलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि म्हणाले, आतला आकडा वाच. "आकडा कुठे आहे?" हा प्रामाणिकपणे म्हणाला. पाच मिनिटांत बाहेर. तेव्हापासून त्याने ही गोष्ट कुठे सांगितली नाही.

मग रंगाचं काम करायचा कसं? नंबरावर. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक रंगाला सहा अंक-अक्षरांचा नंबर असतो. चाळीसेक कंपन्यांचे नंबर त्याला तोंडपाठ. ऑफिसात कुणी ओरडायचं, "अरे, त्या सिमेंटवाल्यांचा लाल किती?" हा मान वर न करता सांगायचा. म्हणून त्याचं नाव पडलं नंबरी. त्याची पद्धत मला पटली. मीही कधी डोळ्याच्या अंदाजाने काम केलं नाही, मायक्रोमीटर लावूनच केलं.

तरी त्याला धाकधूक असायचीच. सातला वॉचमनकडून चावी घ्यायची आणि रिकाम्या ऑफिसात आदल्या दिवशीच्या एकेका स्लाइडवर फोन धरायचा. फोन रंगाचं नाव सांगायचा. नऊपर्यंत ही तपासणी. त्या दोन तासांचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत, त्याने मागितलेही नाहीत.

घरी त्याची मामी शर्टांच्या कॉलरमागे दोऱ्याच्या गाठी मारून ठेवायची. लालला एक, हिरव्याला दोन. "उद्या बायको आली की ती विचारेल, ह्याचे सगळे शर्ट फाटले होते काय?" असं म्हणून स्वतःच हसायची.

चार वर्षं तो कंत्राटावर होता. मार्चअखेर कायम केल्याचं पत्र देऊ, असं ऑफिसच्या मॅडमनी सांगितलं होतं. त्या पत्रावर त्याचं सगळं अडलेलं. त्याची आई दुसऱ्या गावी लॉन्ड्रीत इस्त्री करायची, अठरा वर्षं उभ्याने. गुडघे कामातून गेलेले आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. तिला इथे आणायचं तर तळमजल्यावरची जागा हवी, आणि कंत्राटी माणसाला घरमालक दारातूनच वाटेला लावायचे.

फेब्रुवारीत एका यंत्रांच्या कारखान्याचं काम आलं. कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायच्या स्लाइड, दोनशे अठरा आयकॉन. करायचं ते हिरव्यात, करायचं नाही ते लाल. गिऱ्हाइकाने स्वतःची फाईल पाठवली आणि अट घातली, आमच्या फाईलमध्ये रंगांचे जे चौकोन आहेत तेच वापरा, बाहेरचा नंबर टाकू नका. पुढे रंग बदलायचा झाला तर सगळीकडे एकदम बदलता यावा म्हणून.

ऑफिसच्या रोजच्या फाईलमध्ये ओळीतला पाचवा चौकोन लाल, सहावा हिरवा. बोटांना ते पाठ झालेलं. गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये हे दोन चौकोन उलटे होते. चौकोनावर क्षणभर थांबलं की रंगाचं नाव येतं, पण रोजच्या जागेवर कोण थांबतो? काम एका दिवसात हवं होतं, दिवसभर तो उलटे रंग भरत बसला. धड डोळ्यांच्या माणसाला पहिल्याच क्लिकला कळलं असतं.

सकाळच्या तपासणीत हे सापडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला अडवला. न्हाणीघरातला नळ गळत होता.

"जरा पाना धर."

"मामा, उशीर होतोय."

"दहा मिनिटं रे."

वॉशर काही केल्या बसेना. तो ऑफिसात पोचला साडेआठला. मॅडम दारातच उभ्या. गिऱ्हाइकाची बैठक साडेनऊला होती. फाईल तशीच गेली.

बैठकीत पन्नासेक माणसं होती. पडद्यावर आलं, 'चालू यंत्रात हात घालू नका', आणि शेजारी हिरवागार पंजा. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, परवानगी मिळाली!" सगळा हॉल हसला. अकरा वाजता मॅडमना फोन.

"दोनशे अठरा चित्रं," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आणि एकही तुझ्या नजरेत आलं नाही? डोळे घरी ठेवून येतोस का?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी नंतर भाच्याला हळूच म्हणाली, "त्यांचीच फाईल बिघडलेली होती म्हणून सांग. मी हो म्हणते."

संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच बसला. सगळं सांगितलं. बायकोने एकदा नळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"चूक माझी," मी म्हणालो. "नळ रविवारपर्यंत गळला असता तर काही बिघडत नव्हतं."

"नळाचं नाही मामा. मी चौकोनावर थांबलो नाही."

"मग तसं सांग. चूक का दिसली नाही, तेही सांग."

"एकदा खरं सांगून बघितलंय."

मी त्याला माझ्या शाफ्टची, म्हणजे यंत्रातल्या एका दांड्याची, गोष्ट सांगितली. एकदा माझ्याकडून तो मापापेक्षा बारीक झाला होता. मी कारण लिहून दिलं. एक दिवसाचा पगार कापला गेला, पण तो शाफ्ट यंत्रात जायचा वाचला.

"तुमचा पगार कापला," तो म्हणाला. "माझी नोकरीच कापतील."

मी उठलो आणि नळ आणखी घट्ट आवळून आलो.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना सांगितलं. मी विचारलंही नव्हतं, त्यानेच घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितला.

"चार वर्षं माझ्याकडे रंगाचं काम करतोस," मॅडम म्हणाल्या, "आणि तुला रंग दिसत नाहीत?"

"दोन दिसत नाहीत. बाकीचे दिसतात."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला?"

मॅडम म्हणाल्या, "नसतं घेतलं. आता बस आणि हे निस्तर. पुढचं नंतर बघू."

फाईलमधले दोन चौकोन अदलाबदल केले असते तर दहा मिनिटांत भागलं असतं, पण मग त्याच फाईलमधले, त्याच चौकोनांतून रंगवलेले कारखान्याचे स्वतःचे तक्तेही उलटे झाले असते. म्हणून एकेक आयकॉन परत हातात घेतला. पुढच्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत. प्रत्येक चौकोनावर थांबून, नाव वाचून. त्यात न सांगता एक काम वाढवलं. करायचं नाही त्या प्रत्येक चित्रावर आडवी जाड पट्टी मारली, करायचं त्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण.

"हे कुणी सांगितलं तुला?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही. मला दोन्ही पंजे सारखेच दिसतात. पन्नास माणसांत माझ्यासारखा एखादा असेलच."

मॅडमनी पट्ट्या-खुणांसकट फाईल पाठवली.

तीन दिवसांनी कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. त्या बैठकीत सगळा हॉल हसत होता, तेव्हा आमचे दोन फोरमन एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, ते म्हणाले. ते का हसले नाहीत ते पट्ट्या बघून ध्यानात आलं, मग मी त्यांना विचारलं, तर त्या दोघांनाही लाल-हिरवं सारखंच दिसतं. ह्या धड्यांच्या पुढच्या तीन फाईलींनाही तशाच पट्ट्या आणि खुणा हव्यात, आणि करणारा माणूस तोच हवा.

मार्चअखेर तो कायम झाला नाही. मॅडमनी सहा महिने पुढे ढकललं. चूक झाली होती आणि चार वर्षं लपवलं होतं, तेव्हा ते मला जास्त वाटलं नाही. बायकोला वाटलं. तिने मॅडमना आठवडाभर नावं ठेवली.

त्या सहा महिन्यांत त्याच्या लाल-हिरव्यावर शेजारच्या टेबलावरची मुलगी नजर टाकायची आणि तिचे नंबर हा तपासून द्यायचा. सातला जाणं बंद झालं. सव्वापाचला जाग मात्र येतेच, मग तो मामीसाठी चहा ठेवतो. नंबरी हे नाव तसंच राहिलं.

सप्टेंबरात पत्र हातात पडलं. आमच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. साठवलेल्या पगारातून त्याने अनामत भरली आणि आईला घेऊन आला. दरवाज्याचा रंग पार उडालेला होता. रंगारी रंगांचं कार्ड घेऊन आला, तेव्हा भाच्याने सवयीने विचारलं, "नंबर काय?"

"नंबर कसला? डोळ्याने बघा की."

माझी बहीण म्हणाली, "त्याला दिसेल तो लावा."

पिवळा लावला. डबाही त्याच्या पगारातूनच आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिकडे गेलो, तर बहीण पिवळ्या दाराशी खुर्ची टाकून, पाय लांब करून बसली होती. अठरा वर्षांत कामाच्या वेळी तिला बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.