फकिरीचं पाचवं वर्ष

तारामतीची पहिली तीन मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेली. इंदूच्या वेळी दिवस राहिले तेव्हा मुखेडहून आई लातूरला आली आणि तिला शेजारच्या बेगमबीकडे घेऊन गेली. बेगमबीच्या घरी मोहरमच्या पंजाची, पिराच्या पितळी हाताची, सेवा होती. पंजापुढे तारामती बोलून गेली, लेकरू जगलं तर पाच वर्षं मोहरमात त्याला फकीर करीन.

इंदू जगली. दर मोहरमला सातव्या तारखेला तिला हिरवा झगा, गळ्यात लाल-पिवळा नाडा आणि काखेला झोळी. पाच घरी धान्य मागायचं, त्याचा मलिदा पंजापुढे ठेवायचा. पहिल्या वर्षी पोर कडेवरच होती. झोळीत पहिली मूठ तिचा बाप रेणुकादासच टाकायचा. "फकीरबाबा, दुवा द्या," म्हणून पोरीला हसवायचा.

चार वर्षं झाली. पाचव्या वर्षी रेणुकादास आर्य समाजात जाऊ लागला. देव्हाऱ्यातले देव त्यानं ट्रंकेत ठेवले. मग मोहरमचा चंद्र दिसला.

"यंदा झोळी न्हाई," तो जेवताना म्हणाला.

"एकच वर्ष राहिलंय."

"पंजा पितळेचा हाय, तारा. पितळ कुठं लेकरू जगवतं का?"

"मग कोण जगवतं?"

"ईश्वर."

"मग त्यानं आधीची तिन्ही का न्हाई जगवली?"

"ज्याचं त्याचं कर्म," तो म्हणाला. तिनं त्याला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी बेगमबी आली. तिला कळलंच होतं.

"आमच्यात बी तेच चालू हाय," ती म्हणाली. "माझा जिलानी हैदराबादेत शिकून आला न् म्हणतो, अम्मा, पंजे पुजणं गुनाह हाय. त्याला न् तुझ्या मालकाला एका ओट्यावर बसवलं तर लई जमेल बघ दोघांचं."

तारामतीला हसू आलं नाही.

"मी ठेवते इंदूच्या नावानं मलिदा," बेगमबी म्हणाली.

"तसं चालतं का?"

"पिराला चालतं. तुला चालतं का, ते तू बघ."

सातव्या तारखेला रेणुकादास इंदूला सकाळीच हवनाला घेऊन गेला. तारामती दिवसभर जेवली नाही. तो दिवस गेला, तशी ती आता काय होतं याची वाट बघत राहिली. पोरगी शिंकली तरी तिच्या हातातलं काम थांबायचं. भादव्यात इंदूला ताप आला. तारामतीनं जुनं धुवट लुगडं काढून बाजूला ठेवलं. आधीची तिन्ही गेली तेव्हा गुंडाळून न्यायला ऐन वेळी धुवट कापड सापडलं नव्हतं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोरीनं भाकरी मागितली.

इंदूला सहावं लागलं.

"बघ, झालं का काही?" रेणुकादास म्हणाला. "कशाचा पीर न् कशाची झोळी!"

"हाव," तारामतीनं होकार दिला.

"मी मलिदा ठेवला व्हता ना," बेगमबी मागच्या दारातून म्हणाली. "पीर कुणाचं बाकी ठेवत न्हाई."

"हाव," ती तिलाही म्हणाली.

नवऱ्याचं खरं धरलं तर चार वर्षं दारोदार झोळी नेली ती उगीच. बेगमबीचं धरलं तर आधीची तीन गेली ती आपण वेळेवर मागितलं नाही म्हणून. तिनं दोन्ही धरून पाहिलं. मग पीठ मळायला घेतलं.

पुढं गल्लीतली सौदामिनी तिच्याकडं आली. तिचं पहिलं मूल गेलं होतं, दुसऱ्या वेळचा सातवा महिना होता.

"काकू, तुमची इंदू कशानं जगली हो?"

"मला ठाव न्हाई, बाई."

"असं कसं? काय तरी केलंच असंल की."

"केलं, न्हाई बी केलं. ठाव न्हाई."

सौदामिनी जरा वेळ बसून उठली. गल्लीत जाऊन म्हणाली, तारामतीकाकूंना उपाय ठाऊक आहे, पण त्या दुसरीला सांगत नाहीत. ते साऱ्यांना पटलं. तारामतीच्या कानावर आलं, तेव्हा ती इंदूची वेणी घालत होती. तिनं पेड घट्ट ओढले आणि पोरीला म्हणाली, "मान सरळ धर."