बेलभंडाऱ्याचं ताट

निजामाच्या राज्यात अंबडच्या अदालतीचा कारभार उर्दूत चालायचा आणि आम्ही नुसते तोंडाकडं बघत उभे राह्यचो. त्यामुळं मला कुणाचाच भरोसा नव्हता. आमचा वकील समोरच्या वकिलासंगं चहा पिताना दिसला, तेव्हाच मी मालकांना म्हणाले, "हा फितला. तुमच्या डोक्यात उजेड कधी पडायचा?"

दावा हिरीचा होता. माझे सासरे आणि त्यांचे भाऊ, दोघांनी मिळून ती खांदलेली. दोघंही वारले, कागद न्हाई की पत्र न्हाई, आणि माझ्या चुलत दिरानं आमची मोट बंद केली. म्हणे, हीर एकट्या माझ्या बापाची. पाणी गेलं की आमचा मळा वाळणार. मंग खायचं काय, दगडं?

"बाई, हा दिवाणी दावा," वकील समजावायचा. "यात कुणाला कैद न्हाई, नुसता हक्क ठरतो. दावा लावणारे तुमचे मालक, ते मुद्दई. ज्याच्यावर लावला तो मुद्दालेह. शाबीत करायचं ते मुद्दईनं."

"म्हणजे पाणी त्यानं अडवायचं आन् पुरावा आम्ही हुडकायचा? वा रे तुमचा कायदा!"

साक्षीला गावातलं कुणी येईना. शेवटी एका पेशीच्या तारखेला मालकच उठले आणि भर अदालतीत म्हणाले, "त्यानं खंडोबापुढं बेलभंडार उचलून सांगावं, हीर फक्त माझ्या बापाची. मला मान्य हाय." वकिलानं कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मुन्सफानं लिहून घेतलं. आता त्यानं शपथ घेतली की तुमचा दावा खारीज." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो भावाचं पाणी तोडतो, तो शपथेला भितो व्हय!

शपथेच्या दिवशी देवळात अदालतीचा अमीन आल्ता, सगळं लिहून घ्यायला. दीर अंघोळ करून उभा. त्याची आई, माझी चुलत सासू, ताट घेऊन आली. ताटात बेलाची पानं, त्यावर पिवळा भंडारा. दिराचं तोंड बिलकुल निवांत. तेच मला खटकलं. त्यानं हात घालायच्या आत मी पुढं झाले आणि चिमूट घेऊन बोटांवर चोळली. हळदीनं बोटं रंगतात. माझी रंगली न्हाईत. मंग जिभेवर ठेवली.

"बेसन हाय हे!" मी ओरडले. "देवालाबी फसवतो व्हय रं, मुडद्या?"

दीर ताटाकडं बघतच राह्यला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं.

"त्याला नको बोलू," चुलत सासू म्हणाली. "म्या भरलं ते. पोरगं खोटं बोलणार, मला ठावं होतं. खरा भंडारा उचलून बोललं असतं तर देवानं ठेवलं असतं का त्याला?"

दिराचा हात खाली आला. तो अमीनाला म्हणाला, "लिवा. अर्धी हीर त्यांची."

अमीनानं लिहिलेलं मी वकिलाकडून मराठीत वाचून घेतलं. संशय काय एका दिवसात जातो? पण खरं सांगते, जिंकल्याचा आनंद काही झाला न्हाई. वकील, दीर, स्वतःचा नवरा, सगळ्यांवर मी डोळा ठेवला होता. त्या म्हातारीकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

तिनं ताटातली पानं देवापुढं ठेवली आणि पीठ पदरात ओतून घेतलं.

"वाया कशाला घालू," म्हणाली. "रातच्याला पिठलं करते त्याला."