कोपरा फाटलेलं कार्ड

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत विजयमालाबाईंना सगळे जरा टरकूनच असतात. पार्किंगच्या मीटिंगमध्येसुद्धा बाई संविधान काढतात.

"बाई, स्कूटर कुठे लावायची हा मूलभूत हक्क नाही," सेक्रेटरी दीनानाथ एकदा म्हणाले.

"समानता तर आहे ना? मग तुमच्याच दोन गाड्या कशा?"

संपली मीटिंग.

शाळेत मात्र आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना बाई पुस्तक मिटतात आणि खेळ मांडतात. प्रत्येकाला पुठ्ठ्याची सहा कार्डं, सहा मूलभूत हक्क. बाईंनी टाळी वाजवली की एक परत करायचं. शेवटी उरेल ते का ठेवलं, ते सांगायचं. पोरं बहुधा स्वातंत्र्य ठेवतात. कारण? मोबाईल.

नऊ वर्षांपूर्वी सृष्टी नावाच्या मुलीने 'शोषणाविरुद्धचा हक्क' ठेवला. का, ते सांगेना. तास संपत आलेला. "अगं, खेळ आहे हा!" म्हणत बाईंनी कार्ड ओढलं. कोपरा फाटून तिच्या मुठीत राहिला.

"उद्या सांगते, बाई."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. हडपसरकडे कुठल्याशा बंगल्यात तिला कामाला ठेवल्याचं पंधरा दिवसांनी कळलं. बाई तिच्या घरी गेल्या तर कुलूप. पत्ता कुणाकडेच नाही.

ते फाटकं कार्ड बाईंनी कधी बदललं नाही. "नवं कापा की, पुठ्ठ्याचा काय दुष्काळ पडलाय?" शिक्षकखोलीत हेमाबाई चिडवतात. दर वर्षी कार्डं वाटताना बोटांना तो तुटका कोपरा लागतो, दारात कुणीतरी उभं आहे असं वाटतं, आणि बाईंची मान वळते. दारात कुणी नसतं.

यंदा ते अवनीकडे गेलं. शेवटची टाळी झाली, तरी तिच्या मुठीत तेच. बाईंनी हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"का ठेवलंस गं?"

"फाटकं आहे ना, बाई. म्हटलं, हे कुणी मागणार नाही."

वर्ग खदखदून हसला. बाई सोडून.

संध्याकाळी बाई अवनीच्या दारात हजर. अवनी टीव्हीपुढे चिवडा खात होती. बाईंनी दोन कप चहा घेतला, मामा-काका कुठे असतात ते विचारलं, हिला कुठे कामाला तर पाठवणार नाही ना, हे तीनदा विचारलं. शेवटी आई वैतागली.

"अहो बाई, हिला स्वतःचं ताट उचलवत नाही. हिला कामाला ठेवणार कोण?"

बाई हसल्या. निघताना अवनी मागून धावत आली. "बाई, हे माझ्याकडेच राहिलं." तिने कार्ड बाईंच्या हातात ठेवलं.

घर पाच मिनिटांवर. तरी बाई स्टॉपवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हडपसरची बस धरली. सृष्टी आता तेविशीची असेल. चेहरा आठवेल की नाही, कोण जाणे. त्या वयाची मुलगी बसमध्ये चढली की बाई आधी तिची मूठ बघत होत्या.