सिरिल ऑल्डरसनची कोंडलेली ऊब

सिरिल ऑल्डरसनला माणसांपेक्षा उष्णतेची काळजी जास्त. बाहेर गेलेलं माणूस संध्याकाळी परत येतं, ऊब एकदा गेली की गेली, असं तो म्हणायचा. तेही नेमकं बायको दाराबाहेर पाऊल टाकत असताना, म्हणजे ती दार पटकन ओढून घेईल.

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरातलं त्याचं गाव. सिरिलने तिथल्या पाणीखात्याच्या कचेरीत उभा जन्म काढला. त्याचं काम गळती शोधण्याचं. म्हणजे गळती शोधणाऱ्या माणसांना पत्रं धाडण्याचं. गळती काही थांबली नाही, पण निवृत्तीला त्याला एक घड्याळ मिळालं आणि तो मोकळ्या हातांनी घरी आला. त्याची बायको एनिड त्याच दिवसापासून धास्तावलेली होती.

त्या हिवाळ्यात त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं, की फायरप्लेसमधली बरीचशी ऊब धुरांड्यातून थेट आभाळात जाते. झालं, डोक्यात किडा शिरला. अंगणात जाऊन त्याने छपराकडे पाहिलं. धुरांड्याच्या कडेवर चार कावळे पंख फुगवून आरामात बसले होते.

"एनिड, आपल्या कोळशावर कावळे शेकतायत!"

"शेकू देत की," एनिड म्हणाली. "ते निदान कुरकुर तरी करत नाहीत."

पहिल्यांदा त्याने जे केलं ते बरं होतं, हे मान्य करायला हवं. फायरप्लेसची मागची भिंत थेट बाहेरच्या वाऱ्याला लागून होती. तिला त्याने आतून ऊब अडवणारे, न जळणारे जाड तक्ते लावले, त्यांच्यापुढे भट्टीच्या विटा रचल्या. खोली खरंच ऊबदार झाली. तिथे थांबला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण सिरिलला यश मिळायची सवय नव्हती, त्यामुळे ते आलं तेव्हा कुठे थांबायचं हे त्याला कळलं नाही. त्याने दोन्ही बाजूंना आणखी विटा चढवल्या. जाळाची जागा आक्रसत आक्रसत पावाच्या लादीएवढी झाली. मग धुरांड्याच्या गळ्यातच त्याने लोखंडी पत्रा ठोकून बसवला आणि धुराला जायला बोटभर फट ठेवली.

"धूर जाईल, ऊब राहील," त्याने जाहीर केलं.

झालं उलट. धूर राहिला. इतका राहिला, की समोरच्या खुर्चीतली एनिड त्याला नुसती आवाजावरून ओळखू यायची.

"सिरिल, धूर होतोय."

"धूर नाही तो. विटा नव्या आहेत, त्यांचा ओलावा निघतोय."

ओलावा महिनाभर निघत राहिला. शेवटी श्वास घेता येईना, तेव्हा सिरिलने खिडकी उघडली, आणि ती उघडीच राहिली. बाहेर बर्फ पडत होतं, आत मुठीएवढा जाळ धुमसत होता, आणि दोघं नवराबायको कोट-टोप्या घालून कोंडलेल्या उबेची राखण करत बसले होते. सिरिल दर थोड्या वेळाने उठून विटांवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, किती धरून ठेवलीय!"

प्रार्थनाघराचे पाद्री थॉर्नबर एकदा चहाला आले. सिरिलने त्यांना विटा, तक्ते, पत्रा सगळं समजावून सांगितलं. पाद्रीबुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"लोकांना अशा कामाची कदर नसते," सिरिल हळवा होऊन म्हणाला. "तुम्हाला आहे."

पाद्रीबुवांनी मान हलवली, कारण बोलण्यासाठी तोंड उघडण्याची त्यांची हिंमत नव्हती. केक तसाच ठेवून ते निघाले आणि फाटकाबाहेर बराच वेळ खोकत उभे राहिले.

एनिडचाही खोकला थांबेना. एके दिवशी बॅग भरून ती व्हिटबीला, थोरल्या बहिणीकडे, मेबलकडे निघून गेली. भांडण नाही, काही नाही. जाताना दारही तिने हळूच लावून घेतलं.

आता विटांवर हात ठेवून सिरिल कुणाला सांगणार? दोन दिवस त्याने रिकाम्या खुर्चीला सांगून पाहिलं. मग बस पकडून तो व्हिटबीला गेला.

मेबलच्या घरी जाळ नुसता गर्जत होता. ना तक्ते, ना विटा. सिरिल दारातच थबकला.

"मेबल, अगं सगळी ऊब वर चाललीय तुझी!"

"जाऊ दे," मेबल म्हणाली. "येते तेवढी मला पुरते. बूट काढ आधी."

उधळपट्टीवर तो आणखीही बोलणार होता. पण खुर्चीत टेकला, पाय जाळाकडे केले आणि वाक्याच्या मधेच झोपला. तोंड उघडं, टोपी कलंडलेली, गालांना महिन्याभराने रंग आलेला. एनिड त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं, आणि रागही आला. चाळीस वर्षं या माणसाचे मोजे वाळवले होते तिने.

संध्याकाळच्या बसने ती त्याच्याबरोबर परत आली. कोटही न काढता तिने कोळसे फोडायचा हातोडा उचलला आणि फायरप्लेसपुढे गुडघे टेकले.

"एनिड, मी तुला त्यामागचं शास्त्र सांगतो..."

पहिल्या घावात पत्रा वाकला.

"तू फक्त ऐकून घे..."

दुसऱ्या घावात तो काजळीच्या ढिगासकट खाली आला. बाजूच्या जादा विटाही तिने काढून टाकल्या. मागच्या मात्र राहू दिल्या. मग जाळ पेटवला, खिडकी लावली, आणि घर इतकं ऊबदार झालं, की सिरिलला कोट काढावा लागला.

आठवड्याभरात तो प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर उभा राहून लोकांना सांगत होता, "मागून कोंडायचं, वरून मोकळं सोडायचं. प्रयोग करावे लागतात हो, एका दिवसात सुचत नाही." एनिड शेजारीच उभी होती. तिने त्याला खोडून काढलं नाही. उलट म्हणाली, "आमच्या सिरिलला बोलवा ना घरी. फुकट बघून देईल. सावकाश समजावूनही सांगेल."

लोकांनी बोलावलं. सिरिल आता रोज सकाळी टेप आणि पेन्सिल घेऊन कुणाच्या ना कुणाच्या घरी जातो आणि अंधार पडल्यावर येतो. मागे एनिड जाळापुढे पाय पसरून, चहाचा मग मांडीवर ठेवून बसते. घरात कुणी बोलत नाही.

परवा मिसेस पिकर्सगिल तक्रार घेऊन आल्या, तुमचे मिस्टर आमच्याकडून हलतच नाहीत म्हणून. एनिडने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "अजून दोन दिवस ठेवा त्यांना. तुमचं धुरांडं फार अवघड आहे म्हणत होते."