मळीची माती

पंचगंगेच्या काठी आमचा चिंचोळा पट्टा होता. पुराचा गाळ साचून झालेल्या अशा जमिनीला आमच्याकडं मळी म्हणतात. वडील इचलकरंजीला मागावर कामाला जायचे, त्यामुळं मळी आईच बघायची. वांगी, काकडी, मेथी आणि पार पाण्याच्या कडेला वाळुंजाची दाट झाडं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी एक वीटभट्टीवाला घरी आला. शेजाऱ्यांनी त्याला माती दिलीच होती.

"वहिनी, ती झाडं काढून वरचा थर तेवढा नेतो. पुढच्या पुराला नवा गाळ येतोयच की."

वडिलांना पटलं होतं. आई म्हणाली, "येतो, पर थांबतो कुठं पावणं? झाडं हायत म्हणून थांबतो."

"झाडं काय तू लावलीस व्हय? आपसूक आल्यात ती," वडील म्हणाले.

"आल्यात आपसूक. पर ठेवलीत मी. सगळ्यांनी तोडली तवा मी न्हाय तोडली."

भट्टीवाला नुसता चहा पिऊन गेला. वडील बरेच दिवस घुश्श्यातच होते.

त्या पावसाळ्यात नदी शेतात शिरली. पाणी ओसरल्यावर आम्ही तिघं मळीत गेलो. शेजारी माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी तुंबलं होतं, त्यांचा काठही ढासळला होता. आमच्याकडं वाळुंजाच्या बुंध्यांमागं काळा, लोण्यासारखा गाळ बसला होता. वडिलांचा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि ते मोठ्यानं हसले. "आता वांगी बघा कशी येत्यात!"

पाऊस संपता संपता शेजारचे काका फांद्या मागायला आले. वडिलांनी स्वतः कोयता घेतला. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली की फुटते. मी सायकलवरून मोळ्या वाहिल्या, आईनं फांद्या त्यांच्या काठाला रोवल्या, शेजारच्या बायकांनी जनावरं लांब ठेवली.

काही वर्षांत अख्खा काठ हिरवा झाला. खड्डे गाळानं भरत आले, मुळांच्या जाळीत मासळी वाढली, उन्हाळ्यात गुरांना सावली झाली. लोक म्हणायचे, नदीनं दिलं. मी ठामपणे सांगायची, नदीनं दिलं आणि आपण राखलं, दोन्ही खरं.

पुढं एकदा त्याहून मोठा पूर आला. बरीच झाडं वाहून गेली. पाणी उतरलं तशी आई मला हाक मारून निघाली. आम्ही पोचलो तेव्हा काठावर माणसं आधीच उरलेल्या वाळुंजाच्या फांद्या रोवण्यासाठी तोडायला लागली होती.